गाडीचा भाव घरी ठरतो

आज मी तुमच्याशी नव्या चारचाकी गाडीच्या खरेदीबद्दल बोलणार आहे. विषय ऐकून काहीजणी म्हणतील, गाडीचं पुरुषमंडळी बघतात, आपलं काय त्यात? पण पैसे घरातूनच जातात ना? हप्ता भरताना किराण्याला कात्री लागते ती आपल्याच हाताने. म्हणून गाडी चालवता येत असो वा नसो, आजचं बोलणं शेवटपर्यंत ऐका.

माझा घरगुती मसाल्यांचा धंदा आहे. कराडच्या आणि आसपासच्या दुकानांत मी माल देते. आमच्याकडे एक जुनी गाडी होती, ती आम्ही पाडव्याच्या मुहूर्तावर घेतलेली. त्या दिवशी शोरूममध्ये नुसती झुंबड. पेढे, हार, फोटो. समोर कागद आला, ह्यांनी सही केली, मी नारळ फोडला. कागदावर काय लिहिलंय ते दोघांनीही वाचलं नाही. पुढे अनेक वर्षांनी ती गाडी विकायला काढली तेव्हा घेणाऱ्याने आरसी बघितली आणि म्हणाला, "वहिनी, गाडी तुम्ही मार्चमध्ये घेतली, पण बनलीय आधीच्या वर्षाच्या जुलैत." म्हणजे आठ महिने पडून असलेली गाडी आम्ही नव्याच्या भावाने घेतली होती आणि विकताना ती एक वर्ष जुनी धरली गेली. दोष कुणाला देणार? तारीख कागदावर होती. आम्ही विचारलं नव्हतं.

तेव्हा मी ठरवलं, पुढची गाडी माझ्या धंद्याच्या पैशातून येणार आणि तिचा प्रत्येक कागद मी वाचणार.

ती वेळ २०२४ च्या सप्टेंबरमध्ये आली. आम्ही दोघं शोरूममध्ये गेलो. तिथला मुलगा नम्र होता, पाणी दिलं, कॉफी दिली. पण इंजिनाचं, किमतीचं, कर्जाचं सगळं ह्यांच्याशी बोलला. मला एकच प्रश्न विचारला, "मॅडम, रंग कोणता आवडेल?" मी म्हटलं, "रंगाचं नंतर बघू. आधी पूर्ण भाव एका कागदावर लिहून द्या."

मैत्रिणींनो, आजच्या बोलण्याचं सार हेच आहे. मंडईत आपण घासाघीस करतो ती कशाच्या जोरावर? आपल्याला जास्त बोलता येतं म्हणून नव्हे. पलीकडच्या टोपलीतली मेथी किती रुपयांना आहे हे आपल्याला माहीत असतं म्हणून. भाव माहीत असला की जीभ आपोआप चालते. शोरूममध्ये आपली जीभ अडते ती एसीमुळे किंवा इंग्रजी शब्दांमुळे नाही. तिथे आपल्याला पलीकडचा भाव माहीत नसतो. म्हणून गाडीची खरी घासाघीस घरी, वही-पेन घेऊन होते. शोरूममध्ये फक्त ती बोलून दाखवायची असते.

आता तो कागद कसा वाचायचा ते सांगते. जवळ पेन असेल तर आकडे लिहून घ्या. सोयीसाठी गाडीची किंमत बरोबर सात लाख धरू.

पहिली ओळ एक्स-शोरूम किंमत. ही कंपनीने ठरवलेली असते आणि तिच्यात जीएसटी आलेला असतो. आपल्या गाडीची ७,००,०००.

दुसरी ओळ आरटीओ. यात मोठा भाग रोड टॅक्सचा. आपल्या राज्यात स्वतःच्या नावावर घेतलेल्या, दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला हा टॅक्स ११ टक्के आहे. डिझेलला जास्त, सीएनजीला कमी. सात लाखांचे ११ टक्के म्हणजे ७७,०००. त्यावर नोंदणीची फी ६०० रुपये, कर्ज असेल तर बोजा चढवायचे १,५००, आणि बाकी किरकोळ. सगळं धरून ८१ हजारांच्या आत बसतं. माझ्या कागदावर आकडा होता ८९,५००. मी विचारलं, "वरचे साडेआठ हजार कशाचे?" उत्तर आलं, "मॅडम, आरटीओचं असतं तेवढं." मी म्हटलं, "मग सरकारी पावती जेवढ्याची निघेल तेवढे मी देईन." पावती सरकारच्या पोर्टलवरून निघते, त्यावर प्रत्येक रुपया कशाचा ते छापलेलं असतं. तिच्यापुढे वाद राहत नाही. शेवटी माझी पावती ८०,९०० रुपयांची निघाली.

तिसरी ओळ इन्शुरन्स. इथे सगळ्यात जास्त गफलत होते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा तो हा विमा. त्याचा दर सरकार ठरवतं, सगळ्या कंपन्यांचा सारखा. जून २०२२ पासूनच्या दरांप्रमाणे १००० ते १५०० सीसीच्या नव्या गाडीला तीन वर्षांचे १०,६४० रुपये, वर जीएसटी. इथे कुणी कमी-जास्त करू शकत नाही. दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. तो एक वर्षाचा घेतला तरी चालतो आणि त्याचा दर कंपनीगणिक वेगळा असतो. भावात सगळा फरक पडतो तो इथे. शोरूमने मला ४६,००० लिहून दिले होते. तीच गाडी, गाडीची तीच धरलेली किंमत, झिरो डेपसकट तेच संरक्षण, असा विमा बाहेरून ३३,५०० ला मिळाला.

मुलगा म्हणाला, "बाहेरचा विमा घेतला तर अपघातानंतर आमच्याकडे कॅशलेस होणार नाही." हे वाक्य तुम्हालाही ऐकू येईल. घाबरू नका. कॅशलेस होणार की नाही हे त्या विमा कंपनीचा त्या वर्कशॉपशी करार आहे का यावर ठरतं. विक्रीच्या टेबलावर न विचारता मागे वर्कशॉपच्या काउंटरवर जाऊन विचारा, "या कंपनीचं कॅशलेस तुमच्याकडे होतं का?" मी विचारलं. होत होतं. विमा नियामक संस्था आयआरडीएआय हिच्या नियमांप्रमाणे शोरूमला अमुकच विमा घ्या असं आपल्यावर लादता येत नाही.

याच ओळीत आणखी एक गोष्ट, विशेषतः बायकांसाठी. जुन्या गाडीचा क्लेम बरीच वर्षं घेतला नसेल तर नो क्लेम बोनस साठलेला असतो. पहिल्या वर्षी २० टक्के, वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत. हा बोनस गाडीचा नसतो, विमा ज्याच्या नावावर त्या माणसाचा असतो. जुनी गाडी विकल्यावर विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्यायचं आणि नव्या गाडीला लावायचं. पण जुनी गाडी नवऱ्याच्या नावावर आणि नवी तुमच्या नावावर असेल तर तो बोनस तुम्हाला मिळत नाही. गाडी कुणाच्या नावावर घ्यायची हे ठरवताना हा हिशोब मांडा. मी मांडला आणि तरीही गाडी माझ्याच नावावर घेतली. पण किती सोडतेय ते मला माहीत होतं.

चौथी ओळ हँडलिंग चार्जेस किंवा लॉजिस्टिक्स. माझ्या कागदावर ९,०००. एक्स-शोरूम किमतीत गाडी कारखान्यातून शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च आलेलाच असतो. मग हे पैसे कशाचे? शांतपणे एवढंच म्हणायचं, "याची वेगळी पावती तुमच्या बिलावर, कशाचे पैसे ते लिहून द्याल का?" माझ्या बाबतीत ती ओळ तिथेच खोडली गेली.

पाचवी ओळ ॲक्सेसरीज, माझ्याकडे २४,०००. सीट कव्हर, मॅट, मडफ्लॅप, दाराच्या पट्ट्या, आणखी काय काय. बऱ्याच वेळा याला "एसेन्शियल किट" असं भारदस्त नाव असतं. नावावर जाऊ नका, यादी मागा. त्यातल्या मला हव्या होत्या त्या दोनच गोष्टी, सीट कव्हर आणि मॅट. त्या बाजारातून सात हजारांत आल्या. वायरिंग कापून लावायच्या वस्तू मात्र बाहेरून लावू नका, वॉरंटीचा प्रश्न येतो. सहावी ओळ रंगावरचं कोटिंग, ८,९००. नव्या गाडीचा रंग कंपनीनेच नीट दिलेला असतो. मी नको म्हटलं.

सातवी ओळ एक्स्टेंडेड वॉरंटी, १५,०००. ही वाईट गोष्ट नाही. बऱ्याच वर्षांसाठी गाडी ठेवणार असाल तर उपयोगी पडते. पण ती पहिल्याच दिवशी घ्यायला हवी असं नाही. बहुतेक कंपन्या मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत ती घेऊ देतात. कधीपर्यंत आणि किती दराने, हे विचारून लिहून घ्या. शेवटची ओळ फास्टॅग, ६०० रुपये.

आता बेरीज करा. ८,९३,०००. त्यावर मुलाने मोठ्या आनंदाने सांगितलं, "मॅडम, पंचवीस हजारांची सूट!" म्हणजे ८,६८,०००. त्या पंचवीस हजारांच्या आनंदात आपण वरच्या सगळ्या ओळी विसरतो. गंमत अशी की ते पंचवीस हजार कंपनीनेच त्या महिन्यासाठी जाहीर केलेले होते. शोरूमने स्वतःच्या खिशातलं अजून काहीच दिलेलं नव्हतं.

मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि उठले. मुलगा म्हणाला, "आज बुकिंग केलं तरच ही ऑफर." मी म्हटलं, "चालेल. घरी विचार करते." ह्यांना जरा अवघडल्यासारखं झालं. एवढी कॉफी प्यायलो आणि तसेच निघालो. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अहो, कॉफी वीस रुपयांची, गाडी आठ लाखांची." घाईची ऑफर बहुतेक वेळा आठवड्याभराने पण मिळते. आणि नाहीच मिळाली, तर दुसरी मिळते.

पुढच्या चार दिवसांत मी साताऱ्याच्या आणि कोल्हापूरच्या शोरूममध्ये फोन लावले. मॉडेल तेच, व्हेरियंट तेच, आणि प्रश्नही तेच. "ऑन-रोडचा आकडा ओळवार लिहून, तारीख घालून व्हॉट्सअॅपवर पाठवाल का?" रोड टॅक्सचा दर राज्यात सगळीकडे एकच आहे, त्यामुळे तुलना सोपी होते. कोल्हापूरच्या शोरूमने कंपनीच्या पंचवीस हजारांवर स्वतःचे दहा हजार द्यायचं कबूल केलं. दोन्ही कागद घेऊन मी परत पहिल्या शोरूममध्ये गेले. सर्व्हिसिंगला गाडी जवळ न्यायची असते, म्हणून घ्यायची मला कराडातच होती. पण ते मी बोलले नाही.

वेळ कोणती निवडायची, तेही सांगते. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, धनत्रयोदशी या दिवशी गाडी घरी यावी असं आपल्याला वाटतं आणि शोरूमलाही ते ठाऊक असतं. त्या तारखेला गाडी हवीच असलेल्या गिऱ्हाइकाला सूट कशाला द्यायची? उलट पितृपक्षात शोरूम रिकामी असतात. महिन्याचं टार्गेट मात्र पितृपक्ष बघत नाही. त्या वर्षी सप्टेंबरअखेर पितृपक्षातच आली. ३० तारीख, महिना संपला, तिमाही संपली. मी बोलणी त्या दिवशी पक्की केली. आमच्या जाऊबाई म्हणाल्या, "पितृपक्षात गाडीचं बोलतात का कुणी?" सासूबाईच म्हणाल्या, "बोलायला काय हरकत आहे? पूजा दसऱ्याला करू." तसंच केलं. गाडी दसऱ्याला घरी आली, हार-नारळ सगळं झालं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. बुकिंगच्या फॉर्मवर बारीक अक्षरात बहुधा लिहिलेलं असतं की गाडी देताना जी किंमत असेल ती लागू होईल. म्हणून मधल्या दिवसांत भाव बदलणार नाही हे लिहून घ्यायचं, नाहीतर बिल त्याच दिवशी करून घ्यायचं. मी बिल ३० तारखेचंच करून घेतलं. शोरूमलाही ते हवंच होतं.

वर्षअखेरीच्या सुटीबद्दलही एक शब्द. डिसेंबरमध्ये मोठी सूट मिळते, कारण जानेवारीत तीच गाडी "गेल्या वर्षीची" होते. तुम्ही गाडी दहा-बारा वर्षं ठेवणार असाल तर खुशाल घ्या. तीन-चार वर्षांत विकणार असाल तर वाचलेले पैसे विकताना जातील. जानेवारी-फेब्रुवारीत कुणी गेल्या वर्षी बनलेली गाडी पूर्ण भावाने देत असेल, तर आमच्यासारखं फसू नका. बनल्याचा महिना विचारा.

सुटी कोणकोणत्या असतात ते एकेक करून विचारायचं. रोख सूट, एक्स्चेंज बोनस, जुन्या ग्राहकासाठीची सूट, आणि कॉर्पोरेट डिस्काउंट. हा शेवटचा शब्द ऐकून आपल्याला वाटतं तो मोठ्या कंपन्यांतल्या लोकांसाठी. पण कित्येक कंपन्यांच्या यादीत शिक्षक, नर्स, सरकारी आणि बँकेतले कर्मचारी असतात. घरात कुणी तसं नोकरीला असेल तर ओळखपत्र दाखवून विचारा. विचारल्याशिवाय तो मिळत नाही. आणि जीएसटी कमी झाला ती शोरूमची सूट नव्हे, हेही ध्यानात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आणि वरचा सेसही गेला. छोटी म्हणजे चार मीटरपर्यंत लांबीची, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत. ते सरकारने कमी केले. शोरूमशी बोलणी त्याच्यापुढे सुरू होतात. दहा लाखांच्या वरच्या गाडीला १ टक्का टीसीएस लागतो. तो आयकर विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, म्हणून त्याची नोंद जपून ठेवा.

जुनी गाडी द्यायची असेल तर तिची बोलणी वेगळी ठेवा. दोन्ही एकदम बोललात की एका हाताने देतात आणि दुसऱ्या हाताने काढून घेतात. आमच्या जुन्या गाडीला शोरूमने १,१०,००० आणि १५,००० बोनस देऊ केला. बाहेर १,४५,००० मिळाले. पण बाहेर विकताना फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी घेणाऱ्याच्या नावावर होईपर्यंत पाठपुरावा करायचा. नाव बदललं नाही आणि त्या गाडीने अपघात केला, तर जबाबदारी नोंदणीतल्या मालकावर येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलेलं आहे. एवढा त्रास नको असेल तर वीस हजार कमी घेऊन शोरूमला देणं हेही चुकीचं नाही. फक्त त्या त्रासाची किंमत किती ते माहीत असू द्या.

आता कर्ज. शोरूममध्ये हमखास विचारतात, "महिन्याला किती हप्ता परवडेल?" या प्रश्नाचं उत्तर देऊ नका. आपण दहा हजार म्हटलं की गाडी दहा हजारांत बसवून दाखवतात, वर्षं वाढवून. सहा लाख कर्ज, ९ टक्के व्याज धरा. पाच वर्षांना हप्ता साधारण १२,४५५, सात वर्षांना साधारण ९,६५५. हप्ता अठ्ठावीसशेने कमी झाला म्हणून बरं वाटतं. पण पाच वर्षांत व्याज जातं सुमारे १ लाख ४७ हजार, आणि सात वर्षांत सुमारे २ लाख ११ हजार. चौसष्ट हजारांचा फरक. शोरूममध्ये घासाघीस करून मिळवलेलं सगळं इथे निघून जातं. आधी आपल्या बँकेत जाऊन दर विचारा, महिलांसाठी व्याजात सूट आहे का तेही विचारा, आणि मगच शोरूमच्या कर्जाशी तुलना करा. तुलना करताना प्रोसेसिंग फी आणि लवकर फेडल्यास काय लागेल हेही लिहून घ्या. "फ्लॅट" व्याजदर सांगितला तर सावध व्हा. त्यात फेडलेल्या पैशांवरही व्याज लागत राहतं, त्यामुळे दिसायला कमी असलेला दर खरा बराच जास्त असतो.

आता माझा शेवटचा हिशोब. सात लाखांतून पस्तीस हजार सूट वजा, आरटीओ ८०,९००, विमा ३३,५००, कव्हर आणि मॅट ७,०००, फास्टॅग ६००. एकूण ७,८७,०००. पहिल्या कागदापेक्षा ८१ हजार कमी. पण वॉरंटीचे पंधरा हजार मी वाचवले नाहीत, पुढे ढकलले, म्हणून ते बाजूला काढा. खरे वाचले ६६ हजार. आता नीट बघा. त्या ६६ हजारांत घासाघीस करून मिळाले फक्त दहा हजार. बाकीचे छप्पन्न हजार कागद वाचून मिळाले. माझ्या धंद्यात एवढी शिल्लक पडायला सात-आठ महिने लागतात. मिरच्यांचा ठसका खात काढलेले सात-आठ महिने.

कधी असंही होतं की शोरूम म्हणतं, "विमा आमचा घेतलात तरच वरचे दहा हजार." तेव्हा तत्त्वासाठी भांडू नका, बेरीज करा. शेवटचा आकडा ज्याचा कमी, ते घ्या. आणि सगळ्या गाड्यांवर सूट मिळतेच असंही नाही. नवं मॉडेल असेल, मागणी खूप असेल, तर एक रुपयाही सुटणार नाही. तरी विमा, ॲक्सेसरीज आणि हँडलिंगच्या ओळी आपल्याच हातात राहतात.

आता पैसे देताना आणि गाडी घेतानाची काळजी. पैसे नेहमी शोरूमच्या खात्यात, चेकने किंवा ऑनलाइन, पावती घेऊन. विक्रीच्या मुलाच्या स्वतःच्या फोनवर एक रुपयाही पाठवू नका. बुकिंग रद्द केलं तर किती परत मिळेल हे पावतीवर लिहून घ्या. गाडीची नोंदणी होण्याआधी ती प्रत्यक्ष बघा, दिवसाच्या उजेडात. चासी नंबर लिहून घ्या, बनल्याचा महिना विचारा, किलोमीटर बघा, रंगावर हात फिरवून बघा, टायर आणि काचा बघा. नंबर पडल्यावर गाडी परत करणं फार अवघड होतं. एवढं करूनही फसवणूक झालीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, शोरूमच्या गावी जावं लागत नाही. पण तक्रारीला कागद लागतो. म्हणून पुन्हा सांगते, जे बोलणं होईल ते लिहून घ्या.

आणि हो, त्या मुलाशी भांडायचं नाही. तोही कुणाचा तरी लेक, टार्गेटवर पोट भरणारा. वरच्या सवलती त्याच्या हातात नसतात. मॅनेजरच्या हातात असतात. मी त्याला म्हटलं, "दादा, तुझं काम मी अडवणार नाही. हा कोल्हापूरचा कागद, एवढ्यात बसवता येत असेल तर आत्ता बिल करू. मॅनेजरसाहेबांना विचारून ये." तो आत गेला, दहा मिनिटांनी आला, आणि बसवलं. दसऱ्याला गाडी त्यानेच हौसेने सजवून दिली.

तर मैत्रिणींनो, चार गोष्टी लक्षात ठेवा. पूर्ण भाव ओळवार कागदावर घ्या. तसे तीन ठिकाणचे कागद जमवा. पहिल्या दिवशी बुकिंग करू नका. आणि हप्ता न बघता एकूण किती पैसे जाणार ते बघा. तुमच्या घरात नसेल, पण भावाकडे, दिराकडे, शेजारी कुणी गाडी घेत असेल, तर सहीच्या आधी तो कागद एकदा मागून वाचा. वाचायला पैसे पडत नाहीत.

बिल झाल्यावर त्या मुलाने मला पुन्हा विचारलं, "मॅडम, आता तरी रंग सांगा." मी सांगितला, पांढरा. मसाल्याच्या पोत्यांची धूळ त्यावर फार दिसते, हे मात्र मला कुणी कागदावर लिहून दिलं नव्हतं.